‘हलू नकोस’ न म्हणता दातांचे उपचार
वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

या वेळी सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून आलेली सहा पत्रे एकाच विषयावरची आहेत: टिकचा विकार असलेल्या माणसाच्या दातांवर उपचार कसे करायचे? टिक म्हणजे मनात नसताना अचानक, पुन्हापुन्हा, त्याच पद्धतीने होणारी हालचाल किंवा निघणारा आवाज. कुणी डोळे मिचकावतो, कुणी मान झटकतो, खांदा उडवतो, नाक ओढतो, घसा खाकरतो. बहुतेकांत सुरुवात ४ ते ६ वर्षांच्या वयात होते, १० ते १२ या वयात जोर सर्वांत जास्त असतो आणि मोठेपणी अनेकांचा त्रास कमी होतो. अनेक हालचाली आणि निदान एक तरी आवाज असे दोन्ही असेल, वर्षाहून जास्त काळ चालले असेल आणि सुरुवात १८ वर्षांच्या आत झाली असेल, तर त्याला टुरेट सिंड्रोम म्हणतात. जॉर्ज जिल द ला टुरेट या फ्रेंच डॉक्टरांनी १८८५ मध्ये त्याचे वर्णन केले. हा मेंदूच्या कामकाजातला विकार आहे. त्याला खोड समजून मुलाला रागावणे किंवा ‘बाहेरचं काही’ म्हणून अंगारे-धुपारे करणे, दोन्हींनी मुलाचे हालच होतात.

प्रश्न १. माझा मुलगा ९ वर्षांचा आहे. दोन वर्षांपासून मानेला झटका देतो, डोळे मिचकावतो, मध्येच घसा खाकरतो. मेंदूच्या डॉक्टरांनी टिक सांगितले, औषध अजून सुरू केलेले नाही. खालच्या दोन्ही बाजूंच्या दाढा किडल्या आहेत. दवाखान्यात खुर्चीवर बसवून ‘अजिबात हलायचं नाही’ असे बजावले आणि झटके इतके वाढले की काम तसेच राहिले. आता पूर्ण भूल देऊनच करावे लागेल का? (एक आई, तासगाव)

ताई, पूर्ण भुलीचा विचार सर्वांत शेवटी करायचा. मुलाचे झटके का वाढले ते आधी पाहू. टिक काही वेळ दाबून धरता येते, पण त्याला फार जोर लावावा लागतो आणि आतली ओढ वाढत जाते. त्यात भीती आणि सगळ्यांची नजर आपल्या मानेवर, म्हणजे टिक वाढायला हवे ते सगळेच जमून आले. ‘हलू नकोस’ ही सूचना अशा मुलाला पाळता येत नाही. कामाची आखणीच अशी करावी लागते की झटका आला तरी बिघडणार नाही.

पहिले काम म्हणजे योग्य डॉक्टर गाठणे. बालदंतरोगतज्ज्ञ शोधा. सांगलीत भारती विद्यापीठाच्या आणि कवलापूरला वसंतदादा पाटील दंत महाविद्यालयात लहान मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग आहे. कराडकडच्या लोकांना कृष्णा विश्व विद्यापीठाचे दंत महाविद्यालय जवळ पडते. महाविद्यालयात खर्च कमी येतो, पण रांग लांब असते आणि दर वेळी वेगळे डॉक्टर भेटू शकतात. म्हणून पहिल्याच भेटीत विनंती करा की सगळ्या भेटींना एकच डॉक्टर असावेत. या मुलांना ओळखीचा चेहरा आणि तोच क्रम फार उपयोगी पडतो.

जाण्याआधी घरी मुलगा रमलेला असताना त्याच्या टिक्सचे एक मिनिटभर मोबाइलवर चित्रण करा, शक्यतो त्याच्या लक्षात न येता. एका कागदावर लिहा: मान कोणत्या बाजूला जाते, साधारण किती वेळाने जाते, येण्याआधी त्याला कळते का, कशाने वाढते, कशाने कमी होते, कोणती औषधे आणि ॲलर्जी. कागद डॉक्टरांना आधी द्या. मुलासमोर पाढा वाचू नका, टिकबद्दल बोलणे सुरू झाले की टिक वाढतात. वेळ सकाळची पहिली घ्या, म्हणजे ताटकळत बसावे लागत नाही. टिक्सना भरती-ओहोटी असते. परीक्षेचा आठवडा किंवा फार जोराचे दिवस असतील तर तारीख पुढे ढकला. गालावर सूज, ताप किंवा रात्री झोपू न देणारी ठणक असेल तर मात्र थांबू नका.

पहिल्या भेटीत उपचार नको. खुर्ची वर-खाली करून पाहणे, आरशाने दात मोजणे आणि खुणेचा सराव, एवढेच. खूण ठरवायची ती डावा हात वर करण्याची, कारण डॉक्टर बहुधा उजव्या बाजूला बसतात. हात वर झाला की काम थांबणार, हे डॉक्टरांनी दोन-तीनदा खरोखर थांबून दाखवले पाहिजे. मुलाला पटले की ओढ दाबण्याचा अर्धा ताण तिथेच जातो. घरी परतताना ‘आज किती कमी झटके दिलेस’ म्हणून शाबासकी देऊ नका. बक्षीस द्यायचे ते आल्याबद्दल.

आता दाढा. ९ व्या वर्षी खालच्या रांगेतली सर्वांत मागची दाढ दुधाची नसते. ती सहाव्या वर्षाच्या सुमारास येते, कायमची असते आणि पालक हमखास तिला ‘पडणारी’ समजून सोडून देतात. कोणती दाढ किडली आहे हे एक्स-रेवर ठरवून घ्या. दुधाची दाढ असेल, ठणक नसेल आणि कीड दाताच्या नसेपर्यंत पोचलेली नसेल, तर ड्रिल न लावता दोन चांगले मार्ग आहेत. एक, ३८ टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. ओठांना व्हॅसलिन लावून, दाढ कोरडी करून बारीक ब्रशने एक मिनिट लावायचे आणि सहा महिन्यांनी पुन्हा. कीड तिथेच थांबते, पण किडलेला भाग कायमचा काळा पडतो, हे आधीच माहीत असू द्या. दुसरा, हॉल पद्धतीची स्टीलची कॅप. आदल्या भेटीत दाढांच्या फटीत छोटे रबर घालतात, ३ ते ५ दिवसांनी ते काढून सिमेंट भरलेली कॅप बसवतात आणि मूल स्वतःच चावून ती खाली दाबते. इंजेक्शन नाही, कोरणे नाही. यात एकच जपायचे: कॅप बसवताना घशापुढे गॉज आडवा हवा, कारण नेमक्या त्या क्षणी झटका आला तर कॅप घशात जाऊ शकते.

पूर्ण भूल लागते ती अनेक दाढांना एकदम उपचार हवेत, सूज वारंवार येते आणि सगळे प्रयत्न करूनही तोंडात काम जमत नाही अशा वेळी. ती भूलतज्ज्ञ आणि देखरेखीची सोय असलेल्या रुग्णालयातच द्यावी. आधी जड जेवणानंतर ८ तास, हलक्या खाण्यानंतर ६ तास आणि पाण्यानंतर २ तास पोट रिकामे ठेवायला सांगतात. पूर्ण भुलीत टिक थांबतात, शुद्धीवर आल्यावर परत येतात. तेव्हा घाबरू नका.

प्रश्न २. माझा कोरेगावला दंत दवाखाना आहे. १४ वर्षांचा टुरेटचा रुग्ण आहे. मान उजवीकडे झटकते, मिनिटाला दोन-तीनदा. जीभही बाहेर येते. खालच्या डाव्या पहिल्या कायमच्या दाढेचे रूट कॅनॉल करायचे आहे. इंजेक्शन आणि एअरोटरच्या (दात कोरणाऱ्या यंत्राच्या) वेळी इजा टाळण्यासाठी नेमके काय करावे?

डॉक्टर, हातात काही घेण्याआधी पाच मिनिटे नुसते पाहा. झटक्याची दिशा तुम्ही लिहिली आहेच, आणखी दोन गोष्टी हव्यात. झटक्याआधी त्याला आतून ओढ जाणवते का? दहा वर्षांपुढची बरीच मुले हे सांगू शकतात: मानेत काहीतरी दाटते, खाजते, ताणते. आणि झटका येऊन गेल्यावर शांत काळ किती सेकंदांचा मिळतो? तो शांत काळ हेच तुमच्या कामाचे माप. १५ सेकंद मिळत असतील तर प्रत्येक पाऊल १० सेकंदांत आत-बाहेर होईल असे तोडून घ्या. ओढ जाणवत असेल तर त्याला सांगा: दाबू नकोस, हात वर कर, मी बाहेर येतो, मोकळा हो, मग पुन्हा सुरू करू.

खुर्ची पूर्ण आडवी नको, ४५ अंशांच्या आसपास ठेवा. पाणी घशाकडे गेले की खोकण्याची आणि खाकरण्याची टिक चाळवते. मानेखाली टॉवेलची गुंडाळी द्या. पट्ट्यांनी किंवा नातेवाइकांकडून डोके आवळून धरू नका. अडवलेली टिक जास्त जोराने येते आणि मानेला इजा होते. तुम्ही घड्याळाच्या ११ ते १२ च्या स्थितीत, म्हणजे रुग्णाच्या डोक्यामागे, बसा, म्हणजे डोके तुमच्या डाव्या कोपराच्या वळणात राहते आणि हलले तरी तुमच्यासह हलते. ट्रे रुग्णाच्या छातीवर किंवा हाताच्या पल्ल्यात नको. हत्यारे चेहऱ्यावरून देणे-घेणे बंद. डोळ्यांवर चष्मा सक्तीचा. हायपोक्लोराइट (मुळे धुण्याचे दाहक द्रावण) वापरणार आहात आणि दिव्याच्या झोताने डोळ्यांच्या टिक्सही वाढतात.

बोटांचा टेकू हनुवटीवर किंवा गालावर घेऊ नका, ते सैल सरकतात. टेकू त्याच जबड्याच्या दातांवर घ्या, म्हणजे जबडा हलला की हातही तेवढाच हलतो. सगळ्या कामात ही एक सवय सर्वांत जास्त इजा वाचवते.

इंजेक्शनआधी जागा गॉजने कोरडी करून भुलीची जेल १ ते २ मिनिटे ठेवा. ओल्या जागेवर जेल लावून लगेच सुई टोचली तर तिचा काही उपयोग होत नाही. या दाढेला ब्लॉक, म्हणजे अर्धा जबडा बधिर करणारे खोल इंजेक्शन, लागेल. २७ गेजची लांब सुई घ्या, ३० गेजची नको, ती झटक्यात वाकते आणि तुटण्याचा धोका जास्त. सुई आधी वाकवू नका आणि बुंध्यापर्यंत कधीही आत घालू नका, निदान ५ मिलिमीटर बाहेर दिसली पाहिजे. सुई तुटते ती बहुधा बुंध्याशी, आणि बाहेर टोक असेल तर आर्टरी फोर्सेपने ओढता येते. तो फोर्सेप ट्रेवर हवाच. तुमच्या रुग्णात धोका कुठे आहे ते बघा: डाव्या बाजूच्या ब्लॉकला सिरिंज उजव्या उपदाढांवरून येते, मान उजवीकडेच झटकते, म्हणजे डोके सिरिंजवर आदळते आणि सुई आत मुरडते. म्हणून डावा अंगठा जबड्याच्या उभ्या हाडाच्या पुढच्या खाचेत आणि बोटे बाहेरून मागे, अशी जबड्याची पकड घ्या. झटका येऊन जाऊ द्या आणि शांत काळातच सुई आत घाला. मध्येच झटका आलाच तर हिसका देऊन सुई काढू नका. हात जबड्याबरोबर जाऊ द्या आणि सुई आली त्याच रेषेत बाहेर घ्या.

औषध सोडण्याचा वेग मिनिटाला सुमारे १ मिली असावा. म्हणजे १.८ मिलीच्या कार्ट्रिजला पावणेदोन मिनिटे, आणि तुमच्या मुलाला तेवढ्यात चार-पाच झटके येतील. एका दमात कार्ट्रिज संपवण्याचा हट्ट सोडा. आधी काही थेंब सोडून बाहेर या, तीन मिनिटे थांबा, मग राहिलेले दोन फेऱ्यांत द्या. दर वेळी ॲस्पिरेट करा, म्हणजे दट्ट्या मागे ओढून सुई रक्तवाहिनीत नाही ना ते पाहा. ओढ जाणवतच नसेल आणि झटके फार दाट असतील तर ब्लॉकऐवजी ४ टक्के आर्टिकेन (बधिर करणारे औषध) गालाच्या बाजूने द्या आणि कमी पडल्यास दाताच्या सांध्यात थोडे द्या. लहान मुलांत मात्रेचा हिशेब आधी कागदावर करा. भुलीच्या २ टक्के लिग्नोकेनमध्ये मिलीला २० मिलिग्रॅम असते. किलोला ४.४ मिलिग्रॅम ही सावध मर्यादा धरली तर २० किलोच्या मुलाला ८८ मिलिग्रॅम, म्हणजे ४.४ मिली. तुकड्यातुकड्याने देताना एकूण किती गेले याचा हिशेब हमखास चुकतो, म्हणून असिस्टंटने दर वेळी आकडा मोठ्याने सांगावा.

भूल चढली की रबराचा माउथ प्रॉप (तोंड उघडे ठेवणारा ठोकळा) उजव्या बाजूला ठेवा. त्याला हातभर फ्लॉस बांधून टोक तोंडाबाहेर सोडा. दातेरी लोखंडी प्रॉप जबड्याच्या जोराखाली निसटतो आणि समोरचा दात फोडतो. दर ८ ते १० मिनिटांनी प्रॉप काढून जबड्याला विश्रांती द्या. मग रबर डॅम, म्हणजे फक्त तो दात उघडा ठेवणारा रबराचा पडदा, त्याच्या क्लॅम्पलाही (दाताला धरणाऱ्या चिमट्याला) फ्लॉस बांधून. जीभ बाहेर काढणाऱ्या रुग्णात डॅमसारखे संरक्षण दुसरे नाही: जीभ, ओठ, गाल ड्रिलपासून लांब राहतात आणि फाइल (मूळ साफ करण्याची बारीक सुई) हातातून सुटली तरी घशात जात नाही. डॅम लावण्याआधी तोंड मिटून मिनिटभर नाकाने श्वास घ्यायला सांगा. नाक चोंदलेले असेल तर त्या दिवशी डॅम नको, आणि डॅमशिवाय रूट कॅनॉलही नको.

एअरोटर मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतो आणि पाय उचलल्यावरही काही क्षण फिरत राहतो. सगळ्या जखमा त्या क्षणांतल्या. बर (त्याचे फिरते टोक) थांबलेलाच आत न्या, दाताला टेकवा, मग पेडल दाबा. खूण आली किंवा खुणेविना झटका आला तर आधी पाय उचला, हात जागेवर ठेवा, बर थांबल्यावर बाहेर काढा. घाईने फिरता बर बाहेर ओढणे ही हातून सहज होणारी चूक आहे, आणि ओठ फाटतो तो त्यातच. पाय आधी, हात नंतर, हा क्रम अंगवळणी पडेपर्यंत टायपोडॉंटवर (दातांच्या नमुन्यावर) सराव करा. कीड मऊ असेल तेवढी स्पून एक्स्कॅव्हेटरने हाताने काढा.

धुण्याची सुई बाजूला भोक असलेली घ्या, मुळाच्या कालव्यात सैल राहील अशी, मोजलेल्या लांबीपेक्षा २ ते ३ मिलिमीटर अलीकडे स्टॉपर लावून. अडकलेल्या सुईतून झटक्याच्या वेळी दाब गेला तर हायपोक्लोराइट मुळाच्या टोकाबाहेर जाते: तत्काळ आगडोंब, सूज, काळेनिळे गाल. एक्स-रेला डिजिटल सेन्सर वापरा, किरणांची वेळ सेकंदाचा अंशच असते, ती शांत काळात सहज बसते. ओपीजीला (सगळ्या जबड्याच्या एक्स-रेला) यंत्र डोक्याभोवती १२ ते १८ सेकंद फिरते आणि मान झटकली की प्रतिमा दुभंगते. गरज नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नका.

हे काम एका बैठकीत उरकू नका. २५-३० मिनिटांच्या तीन बैठका धरा आणि दर वेळी तात्पुरते सिमेंट घट्ट बसवा. असिस्टंटला आधीच समज द्या: टिककडे पाहायचे नाही, नक्कल किंवा हसणे नाही, ‘झालं, झालं’ असा घोष नाही. तोंडून शिवी निघण्याची टिक टुरेटच्या दहा-पंधरा टक्के रुग्णांतच असते, पण निघालीच तर कुणीही उत्तर देऊ नये.

शेवटी, सुन्न ओठ. मऊ भागाची बधिरता तीन ते पाच तास राहते आणि ओठ चावण्याची टिक असलेला मुलगा तेवढ्या वेळात ओठाचा लचका काढू शकतो, दुखत नाही म्हणून थांबतही नाही. ओठ आणि दात यांच्या मधे ओला कापूस ठेवून, पालकांना नीट सांगून मगच घरी सोडा.

प्रश्न ३. मी २७ वर्षांचा, कराडजवळ कारखान्यात कामाला. दात आपटण्याची आणि जबडा आवळण्याची टिक आहे. वरच्या पुढच्या दाताचे फिलिंग तीनदा पडले, एका दाढेला उभी भेग आहे. इंटरनेटवर वाचले की तोंडात पट्टी बसवली की टिकच जाते. खरे का?

पट्टीने टिक जाते असे धरून पैसे घालू नका. तोंडात काही ठेवल्याने काहींना टिक कमी झाल्यासारखी वाटते, पण तो ठरलेला उपचार नाही. पट्टीचे खरे काम दात वाचवण्याचे, आणि तुम्हाला त्यासाठी ती हवीच. वरच्या सगळ्या दातांना झाकणारी, कडक ॲक्रिलिकची, मागे निदान २ मिलिमीटर जाडीची करून घ्या. रात्रीच घालून भागणार नाही. टिक झोपेत बरीच उतरते, तुमचे नुकसान जागेपणी होते. मोकळ्या वेळात दिवसाही वापरा, जेवताना काढा. दोन-चार दातांपुरती छोटी पट्टी कुणी देत असेल तर घेऊ नका: सुटली तर ती श्वासनलिकेत जाते आणि न झाकलेले दात हळूहळू वर येतात. दर सहा महिन्यांनी दाखवून पट्टीवरच्या खुणा घासून घ्या. एके ठिकाणीच खड्डा पडत असेल तर सगळा भार तिथे येतो आहे.

फिलिंग पडते ते बहुधा साहित्य खराब म्हणून नाही. खालचा दात पुढे सरकताना नेमका त्याच कडेवर आदळतो. चौथ्यांदा भरण्याआधी रंगीत कागद चावून आदळण्याची जागा शोधायला सांगा. तिथला भार कमी केल्याशिवाय काहीही टिकणार नाही. भेगेच्या दाढेला कॅप लवकर बसवा. सिरॅमिकचा थर चढवलेली कॅप तुमच्या तोंडात टवके उडून जाईल, एकसंध झिर्कोनिया किंवा पूर्ण धातूची घ्या. माप अल्जिनेटने घेत असतील तर पटकन सेट होणारे वापरायला सांगा. कोमट पाण्यात कालवले की आणखी लवकर घट्ट होते. भेग मुळापर्यंत गेली असेल तर दाढ काढावी लागते. मग तिथे काढ-घाल करण्याची एका दाताची छोटी कवळी बसवू नका, जबडा आदळताना ती गिळली जाण्याची भीती असते.

कानापुढे दुखणे, सकाळी तोंड कमी उघडणे असे असेल तर मेंदूच्या डॉक्टरांना जरूर सांगा. टिकवर ओढ ओळखून दुसरी हालचाल करण्याचे प्रशिक्षण मिळते. मानसोपचार तज्ज्ञाकडे त्याची चौकशी करा, औषधांच्या बरोबरीने ते उपयोगी पडते.

प्रश्न ४. मुलगा १६ वर्षांचा, टुरेटसाठी पिमोझाइड चालू आहे. हिरडीच्या गळवासाठी दंतवैद्यांनी क्लॅरिथ्रोमायसिन लिहिले. औषध दुकानदारांनी देण्यास नकार दिला आणि डॉक्टरांना विचारा म्हणाले. एवढे काय असते त्यात? (एक वडील, वाई)

दुकानदारांनी तुमच्या मुलाचा जीव वाचवला असण्याची शक्यता आहे, त्यांचे आभार माना. पिमोझाइड यकृतात मोडले जाते, क्लॅरिथ्रोमायसिन ते मोडू देत नाही. रक्तात पिमोझाइड साठते, हृदयाच्या ठोक्यांतले विद्युत अंतर लांबते आणि ठोका जीवघेणा अनियमित होऊ शकतो. एरिथ्रोमायसिन आणि अझिथ्रोमायसिनही पिमोझाइडबरोबर नको. तोंडातल्या बुरशीसाठीचे फ्लुकोनॅझोल, केटोकोनॅझोल नको. ऑफ्लोक्सासिन-ऑर्निडॅझोलची जोडगोळी दातदुखीला सर्रास दिली जाते, त्यातले ऑफ्लोक्सासिनही ठोक्यांचे तेच अंतर लांबवते. उलटीसाठी डॉम्पेरिडॉन आणि ऑन्डॅन्सेट्रॉनबाबतही तीच सावधगिरी. पेनिसिलिनची ॲलर्जी नसेल तर अमोक्सिसिलिन चालते. गळवाचा खरा इलाज मात्र पू काढून टाकणे हाच आहे. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल एका वेळी किलोला १५ मिलिग्रॅमच्या हिशेबाने पुरेसे असते.

इतर औषधांचेही थोडक्यात सांगतो. क्लोनिडिन घेणाऱ्यांचा रक्तदाब खुर्चीवरून झटकन उठताना घसरतो, म्हणून दोन मिनिटे बसून मग उठायचे. तोंडही कोरडे पडते आणि कीड वाढते. दाताच्या कामासाठी क्लोनिडिन स्वतःहून बंद करू नका, एकदम सोडले तर रक्तदाब उसळतो. मंत्रचळासाठी (तोच विचार, तीच कृती पुन्हापुन्हा होण्यासाठी) क्लोमिप्रामिन चालू असेल तर दंतवैद्यांनी भुलीतले ॲड्रिनॅलिन मोजून द्यावे. १:८०,००० च्या भुलीत मिलीला १२.५ मायक्रोग्रॅम असते आणि एकूण ४० च्या आत, म्हणजे ३ मिलीपर्यंतच थांबावे.

हॅलोपेरिडॉल किंवा रिस्पेरिडॉन नुकतेच सुरू झाले असेल, मात्रा वाढवली असेल आणि पुढच्या काही दिवसांत जबडा एकाएकी अडकला, जीभ बाहेर वळली, मान पिळली गेली, तर लोक जबडा निखळला समजून दंतवैद्यांकडे धावतात. तो औषधाचा परिणाम असतो. थेट मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा, प्रोमेथाझिनसारख्या इंजेक्शनने बहुधा थोड्या वेळात जबडा सुटतो. अशा रुग्णाला उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड कुणी देऊ नये, त्याने हेच पुन्हा होते.

प्रश्न ५. नात ७ वर्षांची. ब्रश तोंडात असताना मान उडते आणि हिरडीला लागते. खालचा ओठ चावून चावून आत पांढरा चट्टा झाला आहे. (एक आजी, मिरज)

आजी, लहान डोक्याचा, मऊ केसांचा ब्रश घ्या, लांब दांड्याचा नको. तिला उभी करून ब्रश करायला लावू नका. खाली बसवा, तुम्ही मागे बसा, तिचे डोके तुमच्या पोटाशी टेकवा आणि डाव्या हाताने हनुवटी नुसती आधाराला धरा. ब्रशचा दांडा डोक्याजवळ पकडा. मान उडाली तर दांडा सोडून द्या, धरून ठेवला की लागते. वरची उजवी, वरची डावी, खालची उजवी, खालची डावी असे चार भाग करा आणि प्रत्येक भागानंतर तिला मोकळे सोडा. फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी. रात्रीचे ब्रश चुकवू नका. सहा महिन्यांनी दवाखान्यात फ्लोराइड वार्निश लावून घ्या, ते दोन-तीन मिनिटांत होते.

खाण्यातही लक्ष असू द्या. आपल्याकडे बेदाणे मुबलक, पण ते दाढेच्या खाचेत चिकटून बसतात. जाता-येता मूठभर देण्यापेक्षा जेवणाबरोबर द्या आणि वर चूळ भरायला सांगा. ओठाच्या चट्ट्याला तिखट-आंबट नको, व्हॅसलिन लावा आणि खालच्या दाताची एखादी कड धारदार आहे का ते दाखवून घ्या. ती कड गुळगुळीत केली की बहुतेक वेळा चट्टा भरतो. दोन आठवड्यांत न भरलेला चट्टा दाखवलाच पाहिजे.

प्रश्न ६. मी १३ वर्षांची आहे. नाक ओढण्याची आणि ओठ आत घेण्याची टिक आहे. वरचे दात पुढे आहेत. मला तारा बसवता येतील का? (सातारा)

येतील. चिकटवलेल्या तारा घे. काढ-घाल करायची प्लेट टिक असलेल्यांच्या जिभेला सतत चाळा लावते आणि तुटते. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे ओठ ब्रॅकेटवर घासेल. डॉक्टरांकडून ऑर्थो वॅक्स माग आणि टोचणाऱ्या ब्रॅकेटवर गोळी करून दाबून बसव. तारेचे मागचे टोक गालात रुतत असेल तर घरी पक्कड लावू नकोस, त्यांच्याकडून कापून घे. मापासाठी तोंड स्कॅन करण्याची सोय असेल तर ती निवड, ट्रेमधल्या मापापेक्षा सोपी जाते आणि हवे तेव्हा थांबता येते. ओठ आत घेण्याची टिक दात पुन्हा पुढे ढकलू शकते, म्हणून तारा काढल्यावर दातांच्या मागे बारीक कायमची तार लावायला सांग. खेळताना किंवा झटक्यात पुढचा दात मुळासकट निघालाच तर मुळाला हात न लावता तो थंड दुधात टाक आणि अर्ध्या तासाच्या आत दवाखाना गाठ. तो परत बसू शकतो.